एक यंत्र, अनेक सेवा : वेबसेवांच्या सहनिवासाचा आणि साधनांच्या काटकसरीचा इतिहास

अनेकांच्या गरजा एकाच सामाईक साधनावर भागविल्या असता एकूण साधन कमी लागते, हे तत्त्व संगणकाहून जुने आहे. कोपनहेगन टेलिफोन कंपनीत १९०८ पासून काम करणारे डॅनिश गणिती आग्नर क्रारुप अर्लांग यांनी १९१७ मध्ये त्याला काटेकोर गणिती रूप दिले. त्यांच्या सूत्राने काढलेले एक उदाहरण पुढील सर्व विवेचनास उपयोगी पडेल. दहा तारांचा एक गट आहे आणि शंभर मागण्यांपैकी केवळ एकीलाच तार मोकळी नाही म्हणून परत फिरावे लागावे अशी अट आहे, असे समजू. ह्या अटीत त्या गटावर सरासरीने एका वेळी ४.४६ संभाषणांचा भार टाकता येतो. असे दोन स्वतंत्र गट ठेवले तर भार ८.९२ होतो. परंतु त्याच वीस तारा एका गटात आणल्या, तर तीच अट पाळून १२.०३ इतका भार पेलता येतो. एकही नवी तार न ओढता सुमारे ३५ टक्के अधिक काम होते, ते एवढ्याचसाठी की एका गटात गर्दी असते त्या क्षणी दुसऱ्या गटातील काही तारा बहुधा रिकाम्या पडलेल्या असतात.

ह्या गणितात दोन गृहीते दडलेली आहेत. मागण्या परस्परांपासून स्वतंत्र असाव्यात हे पहिले. आणि एका तारेवरील संभाषणामुळे शेजारच्या तारेवरील संभाषण मंदावत वा बिघडत नाही हे दुसरे. टेलिफोनच्या बाबतीत ही दोन्ही बऱ्याच अंशी खरी होती. एकाच यंत्रावर अनेक वेबसेवा चालविण्याचा जो उद्योग १९९३ नंतर सुरू झाला, त्यात मात्र दोन्ही गृहीते वारंवार खोटी ठरली, आणि ती खरी करून दाखविण्यासाठी जे उपाय योजले गेले त्यांचाच हा इतिहास आहे.

संगणकाच्या सामाईक वापराची कल्पना १९५९ मध्ये स्पष्ट स्वरूपात पुढे आली. त्या वर्षाच्या आरंभी जॉन मॅकार्थी यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये (एमआयटी) काल-विभाजनाविषयी एक टिपण लिहिले. त्याच वर्षी जून महिन्यात पॅरिस येथे भरलेल्या युनेस्कोच्या परिषदेत ख्रिस्तोफर स्ट्रॅची यांनी ह्याच विषयावर निबंध वाचला. फर्नांदो कोर्बातो व त्यांचे सहकारी यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये आयबीएम ७०९ ह्या यंत्रावर सीटीएसएस ह्या प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखविले. त्याच वर्षी एमआयटीच्या शताब्दी-समारंभात बोलताना मॅकार्थी यांनी संगणनाची व्यवस्था पुढेमागे टेलिफोनप्रमाणे सार्वजनिक सेवा म्हणून होऊ शकेल, असे सुचविले. हे विधान पुढे फार वेळा उद्धृत झाले. परंतु त्या काळच्या काल-विभाजनाचा मूळ हेतू यंत्राची काटकसर हा नव्हता, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. कार्डांचे गठ्ठे देऊन दुसऱ्या दिवशी उत्तर घेण्याची जी जुनी पद्धत होती, तिच्यात यंत्र पुरेपूर राबत असे, वाया जाई तो माणसाचा वेळ. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेले टिफ्रॅक आणि १९६४ मध्ये तेथे आलेले सीडीसी ३६०० ही यंत्रे त्याच काळातली. अशा यंत्राचा एकेक मिनिट मोलाचा असल्यामुळे ते रिकामे ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. काल-विभाजनाने माणसाचा वेळ वाचविला आणि त्याची किंमत यंत्राच्या वेळात मोजली.

ही किंमत किती चढू शकते, ते मेमरीच्या बाबतीत प्रथम कळून आले. मँचेस्टरच्या ॲटलास यंत्रात १९६२ मध्ये आभासी मेमरीची योजना प्रत्यक्षात आली. मुख्य मेमरीत न मावणारी पाने दुय्यम मेमरीवर ठेवावयाची आणि लागतील तशी आत आणावयाची, अशी ती युक्ती. तिच्यामुळे एका यंत्रावर अनेक कार्यक्रम कोंबण्याचा मोह वाढला. पुढे असे दिसू लागले की, एका विशिष्ट मर्यादेपलीकडे आणखी एकच कार्यक्रम आत घेतला तरी सगळ्यांचाच वेग एकाएकी कोसळतो. प्रत्येक कार्यक्रम दुसऱ्याची पाने बाहेर ढकलून आपली आत आणतो, आणि यंत्र ही ने-आण करण्यातच दमून जाते. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये ह्याची मीमांसा केली. कोणत्याही कार्यक्रमाला नजीकच्या काळात खरोखर लागणाऱ्या पानांचा एक संच असतो. अशा सर्व संचांची बेरीज मेमरीहून अधिक झाली की अनर्थ ओढवतो. भार हळूहळू वाढला म्हणून वेग हळूहळू घटेल अशी समजूत येथे उपयोगी पडत नाही. काठोकाठ भरलेल्या घागरीत एक ओंजळ अधिक घातली तर ओंजळभरच पाणी सांडते. येथे सगळी घागरच उलटते.

आयबीएमच्या केंब्रिज येथील शास्त्रीय केंद्रात ह्याच दशकात सीपी-४० व सीपी-६७ ह्या प्रणाली तयार झाल्या आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० बाजारात आली. प्रत्येक वापरणाऱ्याला स्वतंत्र, संपूर्ण यंत्र मिळाल्याचा आभास निर्माण करणारी ही आभासी यंत्रे होत. पुढच्या दशकात यंत्रे स्वस्त झाली, ज्याचे त्याचे यंत्र ज्याच्या त्याच्या मेजावर आले, आणि सहनिवासाचा हा सारा खटाटोप अनावश्यक वाटू लागला. एका पिढीने मिळविलेले ज्ञान पुढच्या पिढीने अडगळीत टाकले, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळील सर्न ह्या संस्थेत १९९० च्या अखेरीस पहिला वेब सर्व्हर चालविला, तेव्हा सहनिवासाचा विचार त्या रचनेत नव्हता. तो असण्याचे कारणही नव्हते. अमेरिकेतील एनसीएसए ह्या केंद्रात १९९३ मध्ये रॉब मॅकूल यांनी लिहिलेला सर्व्हर युनिक्सच्या सरळ रिवाजाप्रमाणे प्रत्येक मागणीसाठी एक नवी प्रक्रिया जन्माला घाली. मागणी पुरी झाली की ती प्रक्रिया नष्ट होई. दिवसाकाठी काही शे मागण्या येत होत्या तोवर हे ठीक होते. एप्रिल १९९५ मध्ये ह्याच सर्व्हरवर ठिगळे लावून सिद्ध झालेला अपाची सर्व्हर प्रसिद्ध झाला आणि वर्षभरातच तो जगात सर्वाधिक वापरला जाणारा सर्व्हर ठरला. त्यात प्रक्रियांचा एक ताफा आधीच जन्माला घालून तिष्ठत ठेवण्याची सोय होती. जन्ममृत्यूचा खर्च वाचला. पण तिष्ठणाऱ्या प्रत्येक प्रक्रियेचा मेमरीतील वाटा कायमचा गेला.

ह्याच सुमारास एक निराळाच अपव्यय ध्यानात आला, आणि तो थोडा विस्ताराने सांगण्यासारखा आहे. आरंभीच्या एचटीटीपी संकेतात ब्राउझर सर्व्हरला केवळ पानाचा मार्ग सांगत असे. ते पान कोणत्या नावाच्या स्थळाचे आहे हे सांगत नसे. नावावरून आयपी पत्ता शोधण्याचे काम आधीच होऊन गेलेले असे, त्यामुळे नाव पुन्हा सांगण्याची गरज संकेतकर्त्यांना भासली नाही. एका पत्त्यावर एकच स्थळ असेल, हे त्यांचे मौन गृहीत होते. परिणाम असा की, एकाच यंत्रावर पन्नास स्थळे ठेवावयाची तर त्या यंत्राला पन्नास आयपी पत्ते द्यावे लागत. वाड्यात पन्नास बिऱ्हाडे आहेत. पण पाकिटावर बिऱ्हाडकरूचे नाव लिहिण्याची चाल नाही, म्हणून टपालवाल्यासाठी पन्नास दरवाजे पाडावे लागावेत, तसाच हा प्रकार होता. विद्यापीठांतून ही अडचण मार्गाच्या आरंभी वापरणाऱ्याचे नाव घालून टाळली जाई, परंतु स्वतःचे स्वतंत्र नाव हवे असलेल्या व्यापारी ग्राहकाला ते मान्य होणे शक्य नव्हते.

आयपी पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी. त्यांतील शेवटचे साठे विभागीय संस्थांना फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर ही टंचाई दिसू लागली होतीच. तिच्यावरचा उपाय एका ओळीचा निघाला. मागणीबरोबर ‘होस्ट’ नावाची एक ओळ पाठवावी आणि तीत स्थळाचे नाव सांगावे. काही ब्राउझर मानक ठरण्याआधीच ती ओळ पाठवू लागले होते. जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ च्या मानकाने ती सक्तीची केली. ती नसलेली मागणी सर्व्हरने सदोष म्हणून परत करावी, असेही त्यात सांगितले. मानकांच्या इतिहासात इतक्या थोड्या अक्षरांनी इतके साधन वाचविल्याची दुसरी उदाहरणे विरळाच सापडतील. शेकडो लहान स्थळे एका पत्त्यावर, एका यंत्रावर, एका प्रक्रिया-ताफ्यावर नांदू लागली आणि स्वस्त होस्टिंगचा सारा व्यवसाय ह्या ओळीच्या आधाराने उभा राहिला.

सुरक्षित जोडणीच्या बाबतीत मात्र तीच चूक दुसऱ्यांदा झालेली आढळते. तेथे सर्व्हरला आपले प्रमाणपत्र आधी दाखवावे लागे आणि होस्टची ओळ त्यानंतर, गुप्त झालेल्या मार्गाने येई. कोणत्या नावाचे प्रमाणपत्र दाखवावयाचे हे सर्व्हरला कळणार कसे? जोडणीच्या आरंभीच नाव सांगण्याची तरतूद २००३ च्या मानकात झाली. पण विंडोज एक्सपीवरील इंटरनेट एक्स्प्लोररला ती कधीच समजली नाही. त्या प्रणालीचा आधार एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने काढून घेतला. मधली दहा-अकरा वर्षे, जुन्या यंत्रांवरून येणाऱ्या वाचकांना परत पाठविणे ज्यांना परवडत नव्हते अशा स्थळांना स्वतंत्र पत्त्याचे भाडे भरावे लागले.

एचटीटीपी १.१ ने आणखी एक सुधारणा केली, आणि ती अनपेक्षितपणे अंगावर आली. प्रत्येक चित्रासाठी नवी जोडणी करण्याऐवजी एकच जोडणी उघडी ठेवावी, म्हणजे जाळ्यावरचा भार हलका होईल, असा विचार होता. तो योग्यच होता. परंतु अपाचीत एका जोडणीला एक प्रक्रिया बांधलेली असे. वाचक पान वाचीत बसला तरी त्याची प्रक्रिया, पुढची मागणी येईल ह्या आशेने, मूळ व्यवस्थेप्रमाणे पंधरा सेकंद तिष्ठत राही. जाळ्याची बचत मेमरीच्या खर्चाने झाली.

हा खर्च केवढा होता, ते एका ढोबळ हिशेबाने दिसेल. रास्मुस लेर्डॉर्फ यांची १९९५ पासूनची पीएचपी ही भाषा अपाचीच्या प्रत्येक प्रक्रियेत अंतर्भूत करण्याची पद्धत रूढ झाली होती आणि त्याच यंत्रावर मायएसक्यूएल हा माहितीसाठाही चालत असे. समजा, यंत्रात ५१२ मेगाबाइट मेमरी आहे; माहितीसाठ्याला १२८ आणि मूळ प्रणालीला ६४ सोडून ३२० उरतात. सामाईक पाने वजा जाता प्रत्येक प्रक्रियेला २० मेगाबाइट लागत असतील, तर सोळा प्रक्रिया मावतात. आता वाचकाकडे ५६ किलोबिटचा मोडेम आहे आणि पान १०० किलोबाइटांचे आहे. ते पोहोचावयास चौदा-पंधरा सेकंद लागतात आणि त्यानंतरचे तिष्ठणे पंधरा सेकंदांचे. एक प्रक्रिया अर्धा मिनिट अडकते. सोळा प्रक्रिया मिळून दोन सेकंदांना एक वाचक हातावेगळा करतात. पान तयार करण्याचे खरे काम सेकंदाच्या विसाव्या भागात होत असेल, तर बाकीचा सर्व वेळ वीस मेगाबाइटांची ती प्रक्रिया टपाल पोहोचविण्याचे काम करीत असते. चित्रे आणि स्थिर पानेदेखील ह्याच जड प्रक्रियांनी वाहून न्यावयाची, म्हणजे भाजीची जुडी आणावयास बैलगाडी जुंपण्यासारखे होते.

अशा वेळी चालक प्रक्रियांची मर्यादा वाढवीत असे, आणि डेनिंग यांनी वर्णिलेला अनर्थ तीस वर्षांनी पुन्हा घडे. मर्यादा दीडशेवर ठेवली तर वरील हिशेबाने तीन हजार मेगाबाइट लागणार. गर्दीच्या वेळी मेमरी संपली की लिनक्स कोणत्या तरी प्रक्रियेचा बळी घेई, आणि निवडीचा मुख्य निकष व्यापलेली मेमरी हाच असल्यामुळे तो बळी पुष्कळदा माहितीसाठ्याचा पडे. दोष एका सेवेचा, मरण दुसरीला. मर्यादा वाढविण्याऐवजी घटवावी, म्हणजे सेवा जलद होईल, हा उपाय चालकांना उलटा वाटे. दारात रांग लागलेली दिसणे त्यांना नको असे. आत चाललेली चेंगराचेंगरी आकड्यांवाचून दिसत नसे.

डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये एक सरळ प्रश्न विचारला. यंत्रे इतकी वेगवान झाली आहेत, तर एका यंत्राने एका वेळी दहा हजार जोडण्या का सांभाळू नयेत? त्यांच्या विवेचनाने लक्ष योग्य जागी वेधले गेले. अडचण यंत्रात नसून प्रत्येक जोडणीमागे एक प्रक्रिया बाळगण्याच्या रिवाजात होती. अनेक जोडण्यांपैकी ज्यांच्यावर काही घडले आहे तेवढ्याच कळवाव्यात, अशी सोय फ्रीबीएसडीत २००० मध्ये आणि लिनक्सच्या विकासशाखेत २००२ मध्ये आली. तिच्यावर आधारलेला एन्जिनएक्स हा सर्व्हर रशियातील इगोर सिसोयेव्ह यांनी २००२ पासून लिहावयास घेतला व ऑक्टोबर २००४ मध्ये सर्वांसाठी खुला केला. त्यातील एकेक प्रक्रिया हजारो जोडण्या सांभाळी. तो दाराशी ठेवावा, संथ वाचकांशी त्याने बोलावे, चित्रे त्यानेच द्यावीत आणि खऱ्या कामापुरते मागील जड प्रक्रियांना उठवावे, अशी व्यवस्था लहान यंत्रांवर लवकरच सर्वत्र झाली. पीएचपीच्या प्रक्रियांचा वेगळा, मोजका ताफा राखणारा व्यवस्थापक जुलै २०१० मध्ये त्या भाषेच्या मुख्य वितरणात आला. वरच्या हिशेबातील यंत्र न बदलता, त्यातील सोळा प्रक्रिया खऱ्या कामापुरत्याच गुंतविल्या, तर प्रोसेसर पुरेल तोवर त्याच मेमरीत शेकडो पट काम होते. नवे साधन एकही आणले नव्हते; कोणते काम कोणाच्या हाती द्यावयाचे, एवढाच विवेक केला होता.

आतापर्यंतचा विचार पहिल्या गृहीताभोवतीचा, म्हणजे गर्दीचा झाला. शेजाऱ्याच्या वर्तनाचा प्रश्न त्याहून बिकट होता. एका यंत्रावर दोनशे ग्राहकांची स्थळे असता सर्वांचे कार्यक्रम सर्व्हरच्या एकाच नावाने चालत, त्यामुळे एकाची फाइल दुसऱ्याला वाचता येई. अपाचीत १९९७ च्या सुमारास आलेली ‘सूएक्झेक’ ही सोय प्रत्येकाचा कार्यक्रम त्याच्या स्वतःच्या नावाने चालवी. पण त्यासाठी दर मागणीला नवी प्रक्रिया लागे, म्हणजे पुन्हा मूळ अपव्यय. पीएचपीतील ‘सेफ मोड’ हा भाषेच्या अंगानेच कुंपण घालण्याचा यत्न होता. तो चुकीच्या जागी घातलेला बांध आहे हे त्या भाषेच्या कर्त्यांनीच पुढे मान्य केले आणि २०१२ मध्ये तो काढून टाकला.

खरा उपाय प्रणालीच्या गाभ्यात करावयास हवा होता. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत १९७९ पासून एखाद्या प्रक्रियेला फाइलींच्या एका शाखेत कोंडण्याची सोय होती. पण सर्वाधिकार असलेली प्रक्रिया तीतून निसटू शके. पॉल-हेनिंग काम्प ह्या डॅनिश प्रणालीकाराने ही भिंत पक्की केली. प्रक्रिया, जाळ्याचा पत्ता आणि सर्वाधिकार ह्या सर्वांनाच एका आवारात बांधणारा त्याचा ‘जेल’ मार्च २००० मध्ये फ्रीबीएसडीच्या चौथ्या आवृत्तीबरोबर बाहेर पडला. त्यामागची प्रेरणा एका होस्टिंग-व्यवसायाची गरज ही होती, हे लक्षणीय आहे. गाभा एकच, पण घरे वेगळी. आभासी यंत्राचा जडपणा नाही. सोलारिसमधील झोन आणि लिनक्सवरील ओपनव्हीझेड ही त्याच वंशातील पुढची नावे.

आभासी यंत्रेही ह्याच सुमारास अडगळीतून बाहेर आली. व्हीएमवेअर कंपनीने २००१ मध्ये ईएसएक्स ही प्रणाली विकावयास काढली. कार्ल वॉल्डस्पर्गर यांचा २००२ मधील निबंध ह्या क्षेत्रात अजूनही वाचनीय ठरतो. निरनिराळ्या आभासी यंत्रांतील मजकूर तंतोतंत जुळणारी पाने शोधून ती एकदाच ठेवावीत, ही त्यातील एक कल्पना. दुसरी अधिक मार्मिक आहे. ज्याने मेमरी घेऊन ती पडीक ठेवली आहे, त्याच्या पडीक पानांचा भाव वापरातील पानांहून चढा धरावा. तो कर ७५ टक्के असावा. पडीक रानावर कर बसविला की रान लागवडीखाली येते, हा जमीनमहसुलाचा न्याय येथे यंत्राच्या गाभ्यात आणलेला दिसतो. केंब्रिज विद्यापीठातील झेन ही प्रणाली २००३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्या आधारे ॲमेझॉनने ऑगस्ट २००६ मध्ये यंत्रे तासाच्या भाड्याने देण्यास आरंभ केला.

एवढे सगळे होऊनही यंत्रे रिकामीच होती. लुईस बारोसो आणि उर्स होल्झले यांनी २००७ मध्ये गूगलच्या पाच हजारांहून अधिक सर्व्हरांची सहा महिन्यांची मोजणी प्रसिद्ध केली. बहुतेक वेळ ती यंत्रे क्षमतेच्या १० ते ५० टक्के ह्या पट्ट्यात वावरत होती, आणि काहीही न करता नुसते चालू राहिलेले यंत्रही पूर्ण भाराच्या वेळी लागणाऱ्या विजेपैकी सुमारे निम्मी वीज खात होते. म्हणजे प्रश्न आता केवळ यंत्रांच्या किमतीचा राहिला नव्हता.

यंत्रे अर्धी रिकामी का ठेवावी लागतात, ह्याचे उत्तर पुन्हा रांगांच्या गणितात आहे. अगदी साध्या, एका खिडकीच्या रांगेत भार निम्मा असता काम पुरे होईपर्यंतचे सरासरी थांबणे निव्वळ कामाच्या वेळेच्या दुप्पट होते. भार ८० टक्के असता पाचपट, ९० टक्के असता दहापट. शोधयंत्रासारख्या सेवेत एका प्रश्नाचे उत्तर शंभर यंत्रांकडून गोळा करावे लागते. प्रत्येक यंत्र शंभरात एकदाच सेकंदाहून अधिक वेळ लावीत असले, तरी शंभरांपैकी एखादे तरी रेंगाळण्याची शक्यता ६३ टक्के होते. जेफ डीन व बारोसो यांनी २०१३ मध्ये दिलेले हे उदाहरण आहे. म्हणून घाईच्या सेवांसाठी मोकळी जागा राखणे भागच असते. मग त्या जागेत बिनघाईचे काम का बसवू नये?

गूगलमधील बोर्ग ही प्रणाली अंतर्गत रीतीने बरीच वर्षे हेच करीत होती. पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी तेथे २००६ मध्ये सुरू केलेले सीग्रुप्सचे काम जानेवारी २००८ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आले. प्रक्रियांच्या गटाला मेमरी व प्रोसेसर मापून देण्याची सोय त्यामुळे सर्वांना मिळाली. २०१३ मध्ये डॉकर आणि २०१४ मध्ये कुबरनेटीज आले ते ह्याच पायावर. बोर्गविषयीचा निबंध मात्र २०१५ पर्यंत प्रसिद्ध झाला नव्हता. त्यात दोन आकडे आहेत. घाईच्या सेवा आणि बिनघाईची कामे वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवली असती, तर मध्यक समूहात २० ते ३० टक्के अधिक यंत्रे लागली असती. आणि ज्यांनी मागून घेतले पण वापरले नाही त्यांच्याकडून परत घेतलेल्या साधनांवर समूहातील सुमारे २० टक्के काम चालत होते. दर समूहात साधारण दहा हजार यंत्रे असतात हे लक्षात घेता ही बचत किरकोळ नव्हे.

ह्या यशाला एक उणी बाजू होती. मेमरी आणि प्रोसेसरचा वेळ मापून देता येतो. परंतु प्रोसेसरमधील कॅश आणि मेमरीकडे जाणारा मार्ग बराच काळ मापून देता येत नव्हता. शेजारचे बिनघाईचे काम कॅश गिळून बसले की घाईची सेवा मंदावे, आणि हिशेबाच्या वहीत त्याची नोंद कोठेच नसे. गूगलने २०१३ मध्ये वर्णिलेल्या पद्धतीत प्रत्येक सूचनेमागे किती घटिचक्रे खर्च होतात हे मोजून, ते प्रमाण नेहमीपेक्षा फार चढले की संशयित शेजाऱ्याचा हात आखडला जाई. स्टॅनफर्ड व गूगल यांच्या २०१५ च्या हेराक्लिस ह्या प्रयोगात कॅशची वाटणी यंत्रभागातच करून यंत्रांचा सरासरी वापर ९० टक्क्यांपर्यंत नेला, आणि घाईच्या सेवेला दिलेले वेळेचे वचनही मोडले नाही.

सहनिवासाची आणखी एक किंमत नंतर उघड झाली. एकसारखी पाने एकत्र ठेवली असता, एखादे पान सामाईक आहे की नाही आणि शेजाऱ्याने ते नुकतेच वाचले की नाही, हे केवळ लागणाऱ्या वेळावरून ताडता येते. त्यावरून गुप्त किल्लीदेखील काढता येते असे संशोधकांनी दाखविले. व्हीएमवेअरने २०१४ मध्ये निरनिराळ्या आभासी यंत्रांमधील पानांचा हा सामाईकपणा मूळ व्यवस्थेतून बंद केला. बारा वर्षांपूर्वीची ती सुंदर युक्ती अशा रीतीने तिच्या निर्मात्यांनीच मागे घेतली. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन व स्पेक्टर हे दोष जाहीर झाले, तेव्हा तर प्रोसेसरच्या अंतर्भागातील सामाईकपणाच संशयास्पद ठरला. त्याच वर्षी जूनमध्ये ओपनबीएसडीने एका गाभ्यावर दोन धागे चालविण्याची सोय मूळ व्यवस्थेत बंद ठेवण्याचा निर्णय घेतला, म्हणजे खात्रीच्या भिंतीसाठी क्षमतेचा काही भाग जाणूनबुजून सोडून दिला.

ॲमेझॉनच्या लॅम्डा ह्या सेवेत आरंभी प्रत्येक ग्राहकाला एक आभासी यंत्र आणि त्याच्या निरनिराळ्या कार्यांना आत कंटेनर, अशी दुहेरी व्यवस्था होती. भिंत पक्की, पण ग्राहकाचे काम थोडे असले की यंत्र बरेचसे रिकामे. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्या कंपनीने फायरक्रॅकर ही प्रणाली खुली केली. ती पुन्हा आभासी यंत्रेच निर्माण करते. पण त्या यंत्राचा स्वतःचा बोजा पाच मेगाबाइटांहून कमी असतो आणि ते सेकंदाच्या आठव्या भागात कामास उभे राहते. तिच्या कर्त्यांनी २०२० च्या निबंधात सांगितले आहे की, असलेल्या साधनांच्या दहापटीपर्यंत साधने त्यांनी प्रत्यक्ष व्यवहारात ग्राहकांना कबूल केली होती आणि चाचणीत हे प्रमाण वीसपटीच्याही पुढे नेले होते. हे साधण्यासाठी त्यांचा मुख्य खटाटोप असतो तो एका यंत्रावर परस्परांशी संबंध नसलेल्या ग्राहकांची कामे मिसळून ठेवण्याचा, म्हणजे अर्लांग यांच्या पहिल्या गृहीताला पोषक अशी परिस्थिती मुद्दाम घडवून आणण्याचा.